वांग्यांचं औषध आणि आबकारी जमादार

आपल्या पायांनी, कोट-टोपी घालून, वर बायकोकडून ओवाळून घेऊन अटक व्हायला निघालेला माणूस तुम्ही कुठं पाहिलाय का? पाहिला नसेल तर आता पाहून घ्या. हा समोर बसलाय. चहा पिता पिता ऐका, पण घोट तोंडात असताना हसू नका, ठसका लागेल.

स्वराज्य येऊन वर्ष झालं असेल नसेल. मी तेव्हा पारनेरला पोस्टमास्तर होतो. पोस्टाच्याच मागं दोन खोल्या राहायला, वर पत्रे आणि मागं दहा पावलांचं परसू. आता पारनेरचं पाणी तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतात म्हणून फसायचं नाही. संक्रांत सरली की आडात पोहरा टाकला तर पाण्याचा नाही, दगडाचा आवाज येतो. माझी बायको इंदू दोन घागरींसाठी तासभर आडावर उभी राहायची. तिथं वांगी कसली लावता आणि काकड्या कसल्या?

पण त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी मला एका पावसात कल्पना सुचली. पत्र्यावरून एवढं पाणी धो धो वाहून रस्त्यावर जातंय, ते धरलं तर?

बाजारात उस्मानभाई म्हणून पत्र्याचं काम करणारे होते. पाच वेळचे नमाजी, बोलायला कमी आणि हाताला नंबर एक. लढाईमुळं नवा पत्रा औषधालाही मिळत नव्हता. त्यांनी घासलेटचे जुने डबे कापून, सांध्यांना कथलाचा डाख लावून मला छपराच्या कडेनं लांबलचक पन्हळ करून दिली. पन्हळीतून एक नळी खाली आणली. मध्ये खिडकी येत होती म्हणून नळीला दोन वाकणं द्यावी लागली. नळीखाली पिंप, नगरच्या छावणीतल्या लिलावातून कुणीतरी आणलेलं. पिंपाच्या तोंडाला मांजरपाटाचं फडकं. पहिले दोन पाऊस सोडून द्यायचे, पत्रा धुऊन निघतो, आणि तिसऱ्यापासून पिंप भरायचं. एका पिंपाची चार झाली. परसात वांगी आली, गवार आली, वेलावर काकड्या लोंबायला लागल्या.

आणि मागोमाग मावा आला. पानाच्या पाठीमागं चिकटलेली ती काळीहिरवी बारीक कीड. त्याच्या जोडीला अळ्या.

लढाईनंतर कसलीशी पांढरी पावडर निघाली होती, ती फवारा म्हणून लोक सांगायचे. मला ते पटेना. आम्ही काकडी वेलावरून तोडायची, धोतराला पुसायची आणि तिथंच उभ्या उभ्या खायची असली माणसं. किडीला मारायचं ते आपल्या पोटात कशाला? म्हणून मी स्वतःचं औषध शोधून काढलं. कडुलिंबाचा पाला, लसूण, तिखट मिरची, आंबट ताक, गोमूत्र, आणि हे सगळं पानाला चिकटून राहावं म्हणून काळा गूळ. मडक्यात घालायचं, मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, तोंड बांधायचं आणि पंधरा दिवस आंबू द्यायचं. अशी तीन मडकी कायम पुरलेली असायची. वासाबद्दल एवढंच सांगतो की मडकं उघडलं की गल्लीतली कुत्री जागा बदलायची.

झाडं मात्र तरारलेली होती. म्हणजे औषध जालीम. मी ते बाटल्यांत भरून गावाला वाटायला लागलो. वकील न्यायचे, देवळातले पुजारी न्यायचे. आणि मग, काय सांगू, माणसाला जरा यश आलं की सरकारनं ते बघावं असं वाटायला लागतं. घरोघरी भाजी लावा असं सरकार त्या वेळी सांगतच होतं. मी शेतकी खात्याला नगरला चांगलं तीन पानी पत्र लिहिलं: माझी बाग आणि माझं औषध एकदा डोळ्यांनी पाहून जावं.

महिना झाला, उत्तर नाही.

आणि एके दिवशी सकाळी, पोस्टमन टपाल वाटायला गेल्यावर, मागच्या दारात खाकी कपड्यातला एक उंच माणूस उभा. भरघोस मिशी, बरोबर दोन शिपाई. पोस्टमास्तर तुम्हीच का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. मग तो जरा पुढं वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "घरामागं तुमी कायतरी बनिवता, असं आमच्या कानावर आलंय."

माझं मन असं भरून आलं म्हणता. शेवटी सरकारला जाग आली तर.

"बनवतो की," मी म्हणालो. "या ना, आत या. केव्हाची वाट बघतोय तुमची."

त्या माणसानं शिपायांकडं बघितलं, शिपायांनी त्याच्याकडं. तेव्हा मला वाटलं, माझ्या अगत्यानं बिचारे संकोचले. तो आबकारीचा जमादार होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दारूबंदीचे दिवस होते. बाजारात दर आठवड्याला सडका काळा गूळ उचलणारा माणूस हा हातभट्टीवालाच असणार, असं धरून तो माझ्या मागावर होता. आणि इथं भट्टीवाला पाय धुवायला पाणी देत होता.

मी त्याला परसात नेलं. इंदूला चहा टाकायला सांगितलं. जमादारानं खिशातून कागद काढला, शिपायाच्या पाठीवर ठेवला आणि लिहायला सुरुवात केली.

"किती दिस झालं हे?"

"दोन वर्षं."

"कुनाला पत्ता न्हाई लागला?"

"अहो, पत्ता कसला, सगळ्या गावाला ठाऊक आहे. वासच असा आहे, लपतो थोडाच?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. मग नळीकडं बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, सगळ्याचं मूळ तेच आहे. यातून थेंब थेंब पिंपात पडतो, कधी कधी रात्रभर चालू असतं, आम्ही झोपेत आवाज ऐकतो. नळीची दोन वाकणं त्यानं हात फिरवून पाहिली आणि लिहून घेतली. पुरलेली मडकी मीच त्याला दाखवली. एक तर हौसेनं उकरून दाखवलं.

"गूळच घालता नव्हं?"

"काळाच. पांढऱ्या गुळाला तो जोर येत नाही."

"आन जोर किती हाय ह्याचा?"

"एकदा मारलं की आडवं," मी म्हणालो. "सकाळी बघावं तर जाग्यावरून हललेलं नसतं."

तुम्ही हसताय. त्या वेळी मी अगदी गंभीर होतो, आणि तोही. कोणाकोणाला देता, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी वकिलांचं नाव सांगितलं. पुजारीबुवा भल्या पहाटे पूजेच्या आधी येऊन बाटली नेतात तेही सांगितलं. शेवटी जरा वजन पडावं म्हणून म्हणालो, "इथल्या फौजदारसाहेबांच्या घरूनही माणूस येऊन बाटली घेऊन गेला मागच्या महिन्यात."

जमादाराचा हात थांबला. बराच वेळ तो लिहीना. मग त्यानं ते नाव लिहिलं की नाही मला दिसलं नाही, कारण कागद त्यानं छातीशी धरला होता.

कागद भरल्यावर त्यानं खाली सही करायला सांगितली. आता बघा, मी पोस्टमास्तर. पोस्टात येणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो शेतकरी असो की शास्त्री, मी बजावायचो की बाबा, वाचल्याशिवाय कुठं सही-अंगठा करू नकोस. आणि मी? मी चष्मासुद्धा शोधला नाही. झोकदार इंग्रजी सही ठोकली.

मग जमादार म्हणाला, "आता आमच्यासंगं कचेरीत यावं लागंल."

कचेरीत म्हणजे सत्कार. दुसरं काय असणार? मी म्हटलं दोन मिनिटं थांबा. आत जाऊन लग्नातला कोट काढला, काळी टोपी घातली. इंदूला म्हणालो की सरकारनं बोलावलंय, साहेब स्वतः माणसं घेऊन आलेत. तिनं घाईघाईनं निरांजन लावलं, कुंकू लावून मला ओवाळलं. दारात ते तिघं उभे होते. एका शिपायाच्या खांद्यावर माझं मडकं होतं. ओवाळणं चाललेलं बघून त्या शिपायानं बिचाऱ्यानं दुसऱ्या हातानं टोपी नीट केली.

आम्ही निघालो. बाजारातून. पुढं मी, बाजूला जमादार, मागं मडकं आणि मडक्याचा वास. ओळखीची माणसं दिसली की मी नमस्कार करत होतो. आणि एक एक माणूस मला बघून दुकानात आत जात होता. किराणेवाल्यानं तर फळी लावून घेतली. मला वाटलं, वासामुळं.

उस्मानभाईंच्या दुकानापाशी आलो. ते हातातला डबा तसाच धरून उठून उभे राहिले. डोळ्यांनीच, काय झालं, असं त्यांनी मला विचारलं. माणसानं मोठं झाल्यावर आपल्या माणसांना विसरू नये, असं माझं मत आहे. मी थांबलो आणि जमादाराला म्हणालो, "एकट्याचं श्रेय नाही हो हे. ती नळी यांनी करून दिली. वाकणंसुद्धा यांचीच."

"अस्सं," जमादार म्हणाला. "मग चला तुमीबी."

उस्मानभाईंचा चेहरा माझ्या धोतरासारखा पांढरा पडला. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, लाजू नका.

कचेरीत गेलो तर हार नाही, खुर्ची नाही. भिंतीशी एक बाक होतं, त्याच्यावर बसवलं. फौजदारसाहेब गावात गेले होते, ते आल्यावर बघू, असं सांगून जमादारानं मडकं कोपऱ्यात ठेवलं आणि माझी सही केलेला कागद टेबलावर दगडाखाली दाबला. बाकावर आधीपासून एक म्हातारा बसलेला होता. पागोटं सैल, डोळे लाल, चेहरा शांत. डोंगराकडच्या एका वाडीचा, नाव किसन. मी त्याला विचारलं, तुम्ही कशाबद्दल आलात?

"तुमी ज्याबद्दल, त्याबद्दलच की," तो म्हणाला.

मला आनंद झाला. वाडीवस्तीपर्यंत ही विद्या पोचली होती तर. मी विचारलं, तुम्ही कशाचं करता?

"गुळाचंच. नवसागर टाकून."

"मी नवसागर नाही टाकत. लसूण टाकतो."

किसनम्हाताऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं वैद्य दगावणाऱ्या माणसाकडं पाहतो. "लसून?" तो म्हणाला. "मास्तर, मग पिनारा मानूस घरी बायकोपुढं कसा जायाचा?"

"पिणारा?" मी म्हणालो. "हे कोण पिणार?"

पलीकडून उस्मानभाई पहिल्यांदा बोलले. अगदी हळू. "मास्तर, मी तुमचं काय बिघडवलं होतं? दारूच्या गुन्ह्यात माझं नाव. आता मशिदीत कोणत्या तोंडानं जाऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि तो उजेड कसा, तर सकाळपासून मी बोललेला एक एक शब्द त्यात लख्ख दिसायला लागला. थेंब थेंब पडतो. एकदा मारलं की आडवं. पुजारीबुवा पहाटे येतात. देवा रे. आणि खाली माझी सही, झोकदार.

मी उठून जमादाराकडं गेलो. म्हटलं साहेब, चूक होतीय, ती दारू नाही, किडीचं औषध आहे. जमादारानं विडी शिलगावली. "समद्यांचं औषधच असतं," तो म्हणाला. "किसनाचं संधिवाताचं हाय."

पुढचे दोन तास कसे गेले ते मला विचारू नका. मी सरकारी नोकर. दारूच्या गुन्ह्यात पोस्टमास्तर सापडला तर नोकरी त्याच दिवशी गेली. इंदूला मी काय सांगणार होतो? तिनं ओवाळून पाठवलं होतं. आणि माझं एक वेळ राहू द्या, उस्मानभाईंनी आयुष्यात दारूची बाटली हातात धरली नव्हती. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण बाकावर जरा लांब सरकून बसले. त्यांचं ते सरकणं मला नोकरीपेक्षा जास्त लागलं. मी मनात ठरवलं, काहीही होवो, साहेबांपुढं आधी यांचं नाव सोडवायचं.

दुपारी फौजदारसाहेब आले. जेवून आले होते, चेहरा बरा होता. कागद वाचायला लागले तसा तो बिघडत गेला. गूळ आंबवून, बरं. नळी, बरं. वकील, पुजारी. मग ते एकाएकी थांबले. जमादारानं त्यांच्या घरचंही लिहिलं होतं तर. साहेबांनी कागदावरून डोळे वर केले आणि विचारलं, "माझ्या घरी? दारू?"

मी हात जोडले. म्हणालो, "साहेब, आधी यांना सोडा. उस्मानभाईंनी फक्त पावसाचं पाणी धरायला पन्हळ केली. बाकी सगळा मूर्खपणा माझा आहे. पण दारू नाही हो ती. मडकं उघडून बघा, एवढीच विनंती."

मडकं उघडलं. जमादार दोन पावलं मागं गेला. लिहायला बसलेल्या कारकुनानं नाकाला धोतराचा सोगा लावला. पण साहेब कायद्याचे पक्के. म्हणाले, जाणकार माणसाचं मत पाहिजे. आणि तिथं जाणकार एकच होता. त्यांनी किसनाला पुढं बोलावलं.

काय सांगू तुम्हाला, त्या म्हाताऱ्याचा रुबाब. पागोटं सारखं करून तो उठला. मडक्यावर वाकला, वास घेतला. बोट बुडवलं, जिभेला लावलं. आणि मग बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला.

"सायेब," तो म्हणाला, "चाळीस वरसं ह्यो धंदा केला, खोटं बोलनार न्हाई. ही दारू न्हाई. गड्याला गुळाची नासाडी केल्याबद्दल धरा पायजे तर."

साहेबांनी स्वतः वाकून वास घेतला. आणि ते जागच्या जागी सरळ झाले. कसलीतरी आठवण झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग ते हळूहळू म्हणाले, "आमच्या गुलाबांवर हिनं तीन दिवस जे काही शिंपडलं होतं, ते हे?"

मी म्हणालो हो. भीत भीत विचारलं, किडे गेले का?

"किडे तसेच आहेत," साहेब म्हणाले. "पाहुणे तेवढे यायचे थांबले."

आणि ते हसले. आधी मिशीत, मग मोठ्यानं. जमादार हसला, कारकून हसला. उस्मानभाईंनी बाकावर डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. मला हसू येईना, रडूही येईना. किसन बाकावर परतला होता, मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं मला पाठीवर थोपटलं. स्वतः तो सुटणार नव्हता, तरी थोपटलं.

आता सोडायचं म्हणजे कागद पाहिजे. आधीचा कबुलीजबाब साहेबांनी फाडला आणि कारकुनाला नवा पंचनामा लिहायला बसवलं. पदार्थ काय, रंग काय, वास काय. एका रकान्यात 'उपयोग' असं होतं. कारकुनानं लेखणी थांबवून साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी किसनाकडं पाहिलं. किसनानं 'नाही' अशी मान हलवली.

कागद माझ्यापुढं आला. या वेळी मी चष्मा लावला आणि अक्षर न् अक्षर वाचलं. लिहिलं होतं: सदर पातळ पदार्थ मादक नाही. औषधी नाही. त्याचा कोणताही उपयोग दिसून येत नाही. मी खाली सही केली. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुठं सही केली नव्हती. पंच म्हणून उस्मानभाईंनी सही केली, आणि परत जाताना ते माझ्या बरोबरीनं चालत होते, लांबून नाही. त्यांच्या दुकानापाशी थांबून त्यांनी आतून दोन कप चहा मागवला. फार चांगला चहा होता तो.

घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. इंदूनं आठवड्याची रेशनची साखर घालून शिरा केला होता आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका बोलावल्या होत्या. मी आत शिरताच सगळ्या उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी काय दिलं, असं इंदूनं विचारलं. पंचनाम्याची नक्कल माझ्या कोटाच्या खिशातून डोकावत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं ती काढून घेतली आणि वाचली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मग मी सगळं सांगून टाकलं, बायकांसमोरच. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बायका पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. इंदू हसली नाही. तिनं माझ्यापुढं शिऱ्याची वाटी ठेवली आणि शांतपणानं म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी सरकारकडं जायला कशाला पाहिजे होतं? मला विचारलं असतंत तर मीच लिहून दिलं असतं."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे काय म्हणजे? दोन वर्षं रोज पहाटे, तुम्ही टपालाची थैली फोडायला गेलात की मी अळ्या वेचते आणि माव्यावर चुलीची राख टाकते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मग जरा थांबून, माझं तोंड पडलेलं बघून तिला दया आली असावी. "पण तुम्ही ते पावसाचं पाणी साठवलंत ते एक बरं केलंत हो. तुमचं औषध पानांवरून धुऊन काढायला पुरतं."